शिमग्याच्या उधाणात आउटबोर्ड तापतं, भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी) लागला की आपोआप बरं होतं: दोष कुठे शोधायचा

आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेलं इंजिन. ते तापण्याचं लक्षण असं असतं. पहाटे होडी खाडीतून काढली, मुखावरचा उथळ पट्टा ओलांडला, समोरच्या खडपांकडे किंवा जाळ्याच्या बोयाकडे जायला वेग वाढवला, आणि दहा-पंधरा मिनिटांत इंजिनाचा आवाज जड झाला. मागून पडणारी पाण्याची धार आधी बारीक होते, मग गरम होते, मग नुसती वाफ येते. भोंगा असेल तर वाजतो, नसेल तर इंजिन स्वतःच आवळून बंद पडतं. अर्धा-एक तास थांबलं की पुन्हा चालू होतं. किनाऱ्यावर आल्यावर मिस्त्री इंपेलर (थंड करायचं पाणी चढवणारं पंपाचं रबरी चक्र) बदलतो, पैसे घेतो, आणि आठ-दहा दिवस सगळं सुरळीत चालतं. पुढच्या अमावास्येला तेच रडगाणं.

पुढचं सगळं १६ ते २२ फुटी फायबर किंवा लाकडी होडीवर लावलेल्या ९.९ ते १५ अश्वशक्तीच्या आउटबोर्डबद्दल आहे. किनाऱ्यापासून दोन-चार मैलांत गरी टाकणारे, खडपांभोवती फिरणारे आणि बांगड्याची जाळी मारणारे बहुतेक जण हेच वापरतात. टू-स्ट्रोक असो वा फोर-स्ट्रोक, थंड करायची रचना जवळपास सारखीच असते.

मुद्दा एकच आहे. ते आठ-दहा दिवस बहुधा नव्या इंपेलरमुळे मिळालेले नसतात. तेवढ्यात उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती-ओहोटी) ओसरून भांग लागलेला असतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी इंजिन कधी, कुठे आणि कोणत्या वेगात तापलं ते लिहून काढा. त्यावरून निम्मं निदान होतं.

बाहेर असताना तापलं तर

धार गेली की लगेच वेग कमी करून गिअर मधे, म्हणजे न्यूट्रलला आणा. मागे वाकून पाणी आत घेणारी जाळी बघा. प्लास्टिकची पिशवी, जाळ्याचा तुकडा, जेलीफिश, यातलं काहीही तिथे चिकटलेलं असू शकतं. इंजिन बंद न करता हात घालू नका. अर्ध्या मिनिटात धार परत आली नाही तर इंजिन बंदच करा, कारण पाण्यावाचून इंपेलरचं रबर मिनिटाच्या आतही जळू शकतं.

बंद केल्यावर पहिलं काम नांगराचं. इंजिनाकडे नंतर बघता येतं. मुखाजवळ असाल तर ओहोटीचा ओढा किंवा दुपारचा वायव्येचा वारा होडीला वाळूच्या दांड्याकडे नेतो, आणि तिथे फुटणाऱ्या लाटेत आडवी झालेली होडी सावरणं अवघड. तीन मीटर पाणी असेल तर निदान पंधरा मीटर दोर सोडा, नांगराच्या पुढे दोन-तीन मीटर साखळी असू द्या. इंजिनाच्या तापलेल्या डोक्यावर, म्हणजे हेडवर, बादलीने समुद्राचं पाणी ओतायचा मोह होतो. तो आवरा. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट फाटतं, आणि मग धार कितीही चांगली पडली तरी इंजिन तापतच राहतं. झाकण काढून वाऱ्यावर ठेवा, वीस-पंचवीस मिनिटं थांबा. मदत लागलीच तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, आणि व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल १६.

खरंच तापलंय की फक्त धार बंद आहे?

हे आधी ठरवायचं. धार पडण्याचं भोक जेमतेम तीन-चार मिलिमीटरचं असतं आणि त्यात वाळूचा कण अडकला तरी धार बंद होते. इंजिन मात्र आतून थंडच असतं. एक मिलिमीटर जाडीचा गरीचा मोनो दोरा हातभर आत सारून मागेपुढे करा. सुई किंवा कडक तार घालू नका, आतली रबरी नळी फाटते. होडी दोन-तीन आठवडे वर ओढून ठेवली असेल तर त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं असायची शक्यता भरपूर. कोरड्या दिवसांत हे इतक्या वेळा होतं, की समुद्रावरून आल्यावर भोकात कापडाची छोटी बुची घालून ठेवणं परवडतं. बुचीला लाल दोरा बांधा, म्हणजे सकाळी काढायची आठवण राहील.

हेडवर पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब पसरून हळूहळू सुकले तर ठीक. चर्र करून नाचायला लागले तर पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर आहे. नेमकं मोजायचं असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. हेडच्या रंगवलेल्या भागावर किंवा काळी चिकटपट्टी लावून मोजा, चकचकीत धातूवर तो आकडा कमी दाखवतो. साठ ते पंचाहत्तरच्या आसपास असेल तर काळजी नाही, नव्वद ओलांडले तर इंजिन खरंच तापलंय.

उलटही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. बऱ्याच इंजिनांत ही धार पंपाजवळच्या वाटेवरूनच काढलेली असते. त्यामुळे धार जोरदार असली तरी तिचा अर्थ पंप चालतोय एवढाच. पाणी हेडभोवती फिरतंय की नाही, हे ती सांगत नाही.

तिथी बघा, मग इंजिन बघा

कोकणात भरतीचा जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटीची. ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण या कामाला तेवढं पुरे. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सव्वापाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. अष्टमीला हिशेब सहा येतो, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती, तळाचं पाणी दुपारी.

आता होडी कधी निघते आणि कधी परतते ते आठवा. पहाटे मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्यावर साडेपाच-सहाला बाहेर, आणि थांबलात तर संध्याकाळी पाच-सहाला परत. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला तुम्ही मुख ओलांडता ते दोन्ही वेळा अगदी तळाच्या पाण्यात. अष्टमीला ओलांडता ते भरलेल्या पाण्यात. इंजिन तेच, मिस्त्री तोच, फरक फक्त खालच्या पाण्याचा.

फाल्गुनात हे जास्त जाणवतं, त्याला आणखी दोन कारणं. एक म्हणजे पावसाळ्यात नदीच्या लोंढ्याने मोकळी झालेली मुखं लोंढा थांबल्यावर वाळूने भरत येतात. आंजर्ल्याला जोग नदीच्या मुखाशी किंवा देवबागला करलीच्या मुखाशी वाळू कशी सरकते ते तिथल्या कुठल्याही तांडेलाला विचारा. जयगडसारख्या खोल मुखात हा त्रास कमी. दुसरं म्हणजे २०-२१ मार्चचा विषुवदिन जवळ आलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या उधाणात दिवसातली एक ओहोटी खोल आणि दुसरी त्या मानाने उथळ असते. विषुवदिनाजवळ दोन्ही जवळपास सारख्या खोल जातात. जातानाही अडचण, येतानाही अडचण.

इंजिनात काय घडतं ते असं. पाणी घेणारी जाळी इंजिनाच्या पायावर (पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागावर), पंख्याच्या म्हणजे प्रोपेलरच्या अगदी पुढे असते. तळ अर्ध्या मीटरवर आला की पंखा वाळू ढवळतो आणि पंप तीच वाळू ओढतो. पंप म्हणजे स्टीलच्या वाटीत फिरणारं सहा पात्यांचं रबरी चक्र. रबर आणि स्टील यांच्यात वाळू गेली की ती सँडपेपरचं काम करते. पात्यांची टोकं झिजतात, वाटीवर आणि खालच्या पत्र्यावर चरे पडतात, पाणी त्या चऱ्यांतून मागे निसटतं आणि दाब कमी होतो. भांगाच्या दिवसांत पाणी स्वच्छ असतं, ओढ्याविरुद्ध कमी जोर लावावा लागतो, म्हणून अर्धमेला पंपही काम भागवतो. उधाण आलं की उघडा पडतो. इंजिन ‘आपोआप बरं’ होण्याचं रहस्य एवढंच.

यावर खरा उपाय पाण्याच्या बाहेर नाही, मुखावरच आहे. ओहोटीनंतर पाणी किती वर येतं त्याचा बारांशाचा ठोकताळा लक्षात ठेवा: पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा भागांपैकी एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाला चढ सव्वादोन मीटर धरला, तर दोन तासांनी पाणी जेमतेम सव्वा हात, म्हणजे ५५ सेंटीमीटर वर येतं, तीन तासांनी एक मीटरच्या वर. दक्षिणेकडे चढ कमी, उत्तरेकडे जास्त. मुंबईला उधाणात तो चार मीटरच्या पुढे जातो, तिथे एका तासाचाही फरक मोठा. होडीचं बूड २५-३० सेंटीमीटर पाण्यात, त्याखाली इंजिनाचा पाय साधारण फूटभर, म्हणजे ६० सेंटीमीटर झाले. त्याखाली आणखी अर्धा मीटर मोकळं पाणी हवं. एक मीटर दहा सेंटीमीटरवर बांबूला लाल रंगाचा पट्टा मारा. पट्टा बुडत नसेल तर इंजिन बंद करून वर उचला आणि बांबूने रेटत किंवा वल्ह्याने तेवढा पट्टा पार करा. शंभर मीटरचं वल्हवणं पंपाच्या किटपेक्षा स्वस्त पडतं.

उथळ पाण्यासाठी इंजिन अर्धवट उचलून चालवायची खाच असते, ती हळू वेगापुरतीच. त्या स्थितीत जाळी पाण्याखाली आहे ना हे डोळ्यांनी बघा. होडी वाळूवर लावताना शेवटचे वीस-तीस मीटर इंजिन बंद आणि वर. आणि खाडीत बांधलेली होडी ओहोटीला चिखलावर बसत असेल, तर इंजिनाचा पाय कधीही खाली ठेवू नका. रात्रभर तो चिखलात रुततो, जाळीत गाळ भरतो, सकाळी अर्धा सुकलेला असतो. मग पहिल्याच मिनिटाला धार नाही आणि दोष पंपाला.

कोणत्या वेगात तापतं

तिथीशी काही संबंध दिसत नसेल तर वेग बघा. सुरमईसाठी दोर मागे सोडून तासन् तास हळू चालताना तापतं आणि वेग वाढवला की धार सुधारते, असं असेल तर पंप झिजलाय. कमी फेऱ्यांना इंपेलरची पाती वाटीला टेकूनच दाब तयार करतात, झिजलेली पाती टेकत नाहीत. जास्त फेऱ्यांना पाती आपोआप मागे वाकतात आणि चक्र साध्या पंपासारखं पाणी फेकतं, म्हणून झीज लपते.

उलट हळू चालताना ठीक आणि पूर्ण वेगात तापत असेल, तर पाणी पुरेसं आत येतच नाही किंवा फिरतच नाही. जाळीवर बार्नॅकल (चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव), रंगाचे थर, वर जाणाऱ्या नळीची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारी झडप), या क्रमाने बघा. जाळीला रंग मारण्याची सवय फार वाईट आहे. दरवर्षी एक हात दिला की चार वर्षांत भोकं निम्मी होतात.

पहिल्या दोन मिनिटांतच तापतं, तेव्हा मुळात पाणी चढत नाही: इंपेलर फाटलाय, त्याची चावी (दांड्याला अडकवून ठेवणारी छोटी खुंटी) निसटलीय, किंवा नळी बसलेली नाही.

होडीची ठेवण

हा दोष मिस्त्रीला किनाऱ्यावर कधीच सापडत नाही, कारण पिंपात इंजिन उत्तम चालतं. पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा तिच्याखाली जास्तीत जास्त २५ मिलिमीटर असायला हवी. सरळ पट्टी होडीच्या बुडाला लावून मागे न्या आणि मोजा. आखूड पायाच्या इंजिनाला मागची फळी साधारण ३८ सेंटीमीटर लागते, लांब पायाच्या इंजिनाला ५१. जुन्या होडीच्या मागच्या फळीवर कुजकं लाकूड झाकायला वरून नवी पट्टी ठोकली की इंजिन तीन-चार सेंटीमीटर वर जातं, आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढायला लागतो.

त्यात जाळी, बर्फाची पेटी, नांगर आणि एक माणूस नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला बसला की मागची बाजू आणखी उचलते. दुपारी बारानंतर वायव्येकडून वारा लागला आणि लाट आडवी यायला लागली, की पंखा मधूनमधून बाहेर येतो, इंजिन क्षणभर किंचाळतं, धारेत बुडबुडे येतात. एखादा झटका चालतो. सतत होत असेल तर तापणारच. तपासणी फुकट आहे: नाळेकडचा माणूस मागे बोलवा. मिनिटभरात धार भरून आली तर पंपाला दोष देऊ नका, ओझं हलवा. इंजिन फळीला लागतं तिथली कोन बदलायची खीळ एक घर आत घेऊनही बघा.

पंप उघडायचाच असेल तर

झीज आहे असं ठरलं तर काम नीट करा. सर्वात मोठी चूक म्हणजे नुसता इंपेलर बदलणं. चरे पडलेल्या वाटीत नवं रबर घातलं तर ते पहिल्या दिवसापासून गळतं, आणि त्याच चऱ्यांवर घासून महिन्याभरात संपतं. वाटीवर आणि पत्र्यावर नख फिरवा. नख अडकलं तर दोन्ही बदला. पूर्ण किट मागा: इंपेलर, चावी, वाटी, पत्रा, गॅस्केट, ओ-रिंग. किमतीचा फरक वाटतो, पण त्याच कामासाठी तीनदा पाय उतरवण्यापेक्षा तो कमीच.

स्पार्क प्लगच्या टोप्या आधी काढा. गिअरची कांडी जिथे जोडली आहे तिथे नट किंवा पिन असते. ती सोडण्याआधी नट किती आटे आत आहे ते मोजून लिहा, नाहीतर नंतर रिव्हर्स पडत नाही. पायाचे चार-पाच बोल्ट सोडा. मिठाने धरलेले असतील तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, हातोडा मारला की ॲल्युमिनियमचा कान तुटतो. पाय सरळ खाली ओढा. पंपाच्या घराचे चार बोल्ट काढून घर वर सरकवा, इंपेलर आणि त्याची छोटी चावी दिसेल. चावी वाळूत पडली की सापडत नाही, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरा.

जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादं पातं तुटून गेलं असेल तर तो तुकडा वर नळीत किंवा इंजिनाच्या पाणवाटेत कुठेतरी आहे, आणि तो सापडेपर्यंत काम पूर्ण झालेलं नाही. वरच्या नळीतून खालच्या दिशेने पाणी किंवा हलकी हवा सोडा, बहुतेक वेळा तुकडा बाहेर पडतो. पाती तुटलेली नसून एका बाजूला कायमची वाकलेली असतील, तर ते पावसाळ्यात बंद ठेवल्याचं लक्षण.

नवा इंपेलर घालताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, पेट्रोल किंवा साधं ग्रीस नको, रबर फुगतं. वाटी वरून दाबताना मुख्य दांडा वरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात. उलटी दुमडली तरी बहुधा सुरू होताच सरळ होतात, पण बहुधा या शब्दावर समुद्रात जाऊ नये. दांड्याच्या दातांना पाण्यात न धुपणारं ग्रीस लावा, मात्र दांड्याच्या अगदी वरच्या टोकाला नाही. तिथे ग्रीसची गादी झाली की पाय पूर्ण वर बसत नाही.

मग येतो तो टप्पा जिथे निम्मी दुरुस्ती फसते. पाय वर चढवताना इंजिनातून खाली येणारी पाण्याची नळी पंपाच्या रबरी बुशात बसली पाहिजे. अंधारात, अंदाजाने ढकललं तर नळी बाजूला राहते आणि पंपाचं पाणी आतल्या पोकळीत सांडतं. नवा इंपेलर, नवी वाटी, तरी धार मरतुकडी. पाय शेवटच्या दोन सेंटीमीटरला बोल्ट ओढून बसवावा लागत असेल तर थांबा, काहीतरी सरळ नाही. पिंपात चालू केल्यावर दहा-पंधरा सेकंदांत धार यायला हवी.

पाय उतरवलाच आहे तर गिअरचं तेलही बघा. दुधाळ दिसलं तर पंख्याच्या दांड्याचं सील गेलंय, आणि त्याचं नेहमीचं कारण पंख्यामागे गुंडाळलेला गरीचा दोरा. पंखा काढून तो कापा. तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. या आकारात साधारण पाव लिटर बसतं.

इंपेलर कधी बदलायचा? कंपनीच्या पुस्तकात ‘वर्षातून एकदा’ लिहिलेलं असलं तरी ते रविवारी फिरणाऱ्यांसाठी. दिवसाला तीन तास, महिन्याला वीस दिवस म्हणजे ६० तास. नारळी पौर्णिमेनंतर सुरू केलेलं इंजिन फेब्रुवारी अखेर ३५० तासांच्या पुढे गेलेलं असतं. उथळ मुखाच्या गावात माघी पौर्णिमेच्या आसपास, शिमग्याच्या उधाणाआधी, न बिघडता बदलून घेणं शहाणपणाचं.

मीठ आणि थर्मोस्टॅट

समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि नदीचं पाणी आटल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये खाडीचं पाणीही त्याच्या जवळ जातं. इंजिन तापून बंद पडलं की आत अडकलेलं पाणी गरम भिंतींवर आटतं आणि मीठ तिथेच बसतं. वाट अरुंद होते, पुढच्या वेळी लवकर तापतं, आणखी मीठ बसतं. एकदा तापलेलं इंजिन पुन्हा तापण्याकडे कललेलं असतं, ते यामुळे.

थर्मोस्टॅट काढून त्यावर कोरलेला आकडा वाचा, समुद्री इंजिनांत तो साधारण ५० ते ६० अंशांच्या दरम्यान असतो. दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, शेजारी थर्मामीटर, खाली मंद आच. आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. नसेल तर नवा. पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते मिठाबरोबर ॲल्युमिनियमही खातं. गाडीचा थर्मोस्टॅट बसतोय म्हणून लावू नका, तो ८० अंशांच्या पुढे उघडतो. काही जण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्याने तापणं लपतं, पण हळू चालताना इंजिन थंड राहतं, प्लग काळे पडतात, तेल जळत नाही.

हे सगळं ठीक असूनही, पिंपातल्या शांत पाण्यातही धारेत सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेलंय. दोन सिलिंडरांच्या दाबात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक आढळला तर खात्रीच. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

तापल्यासारखं वाटतं, पण तापलेलं नसतं

निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन गुदमरून बंद, थोड्या वेळाने चालू, पुन्हा बंद, आणि धार मात्र शेवटपर्यंत थंड. इंधनाच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येत नाही. दाबायचा रबरी फुगा चपटा झालेला दिसेल. स्क्रू उघडला की सुसकारा येतो, आणि लाजही वाटते.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. अर्धी टाकी महिनाभर ठेवू नका, आणि फिल्टरची वाटी काचेची किंवा पारदर्शक असू द्या. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचं प्रमाण ५०ला १ सांगितलं असेल तर पाच लिटरला १०० मिलिलिटर, डोळ्यांनी नाही, मापाने. तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीची खूण) लिहिलेलंच घ्या. स्कूटरचं टू-स्ट्रोक तेल हवेने थंड होणाऱ्या गरम इंजिनासाठी असतं, आउटबोर्डमध्ये त्याची राख साचते.

परत आल्यावर

उधाणाच्या दिवशी गोड्या पाण्याने धुणं टाळू नका. २०० लिटरचं पिंप अर्ध्यावर कापा, इंजिन लाकडी घोडीवर टांगा, पाणी आडव्या पाटीच्या वर निदान चार बोटं. गिअर मधेच ठेवून हळू दहा मिनिटं चालवा. पाच मिनिटांत आटोपलं तर थर्मोस्टॅट उघडलेलाच नसतो आणि हेडमधलं मीठ तसंच राहतं. उघड्यावर चालवा, बंद पडवीत धूर जीव घेतो. मार्चमध्ये विहिरीचं पाणी जपून वापरावं लागतं, तेव्हा तेच पाणी तीन-चार वेळा चालतं. तळाला किती वाळू बसली ते मात्र रोज बघा. चमचाभर वाळू दिसली तर त्या दिवशी मुखावर पाणी कमी होतं, दुसऱ्या दिवशी बांबूचा पट्टा बुडतोय ना हे बघूनच मुख ओलांडा. इंजिनाला गंजापासून वाचवायला लावलेला जस्ताचा तुकडा अर्ध्यावर झिजला की बदला, आणि त्यावर रंग मारू नका.

होडीत एक डबा असू द्या: दोन प्लग आणि त्यांचा पाना, तुटलेल्या दोरीऐवजी इंजिन सुरू करायला ओढायची दुसरी दोरी, पंख्याची शिअर पिन (पंखा अडकला की आधी तुटणारी पिन) असेल तर तीन पिना, मोनोचा तुकडा, पक्कड, इंधनाच्या नळीच्या क्लिपा. इंपेलर समुद्रात बदलता येत नाही, तो घरी ठेवा. पावसाळ्यात इंजिन उभंच टांगा, आडवं टाकलं तर पाणी आत राहतं. आणि महिन्यातून एकदा प्लगच्या टोप्या काढून दोरी दोन-चार वेळा हळूच, पूर्ण फेरी होईल इतकीच ओढा, म्हणजे रबरी पाती एकाच बाजूला वाकून बसणार नाहीत.